मोजून पाणी

दर्यापूरकडचे आमचे मामा आठवड्यातून दोनदा पूर्णा ओलांडून अकोल्याला डायलिसिसला येतात. चार तास मशीनला. मे महिन्यात पारा 45 च्या घरात, आणि मामांना दिवसाचं पाणी लिटरभर, तेही चहा-वरण धरून. मामी सकाळीच बाटली भरून देवळीत ठेवते. जन्म खारपाणपट्ट्यात गेला, गोडं पाणी घरी आलं तेव्हा ते मोजून प्यायची पाळी. हे मामा स्वतःच हसून सांगायचे. दिवाळीनंतर सांगेनासे झाले.

आमचं लक्ष क्रिएटिनिनवर. जेवत नाहीत? आजारच तसा. झोपत नाहीत? खाज सुटते रात्रीची. बोलत नाहीत? थकले असतील. किडनी गेली की भूक, झोप, ताकद जाते हे खरंच. पण नैराश्यातही नेमकं हेच जातं. म्हणून एकाच्या खात्यावर दुसऱ्याचं सगळं खपून जातं. एवढ्या जाड फाइलीत मनाबद्दल एक ओळ नव्हती. आम्ही तरी कुठं विचारलं होतं?

एकदा विचारलं, "मामा, दुखते काय?"

"दुखत काईच नाई, बापू. जीवच लागून नाई राह्यला कशात."

जीव! वऱ्हाडात तापानं जीव घाबरते आणि सोसायटीची नोटीस आली तरी जीवच घाबरते. त्यातला शरीराचा वाटा कोणता, मनाचा कोणता, हे कोणी वेगळं काढत बसत नाही. दवाखान्यात मात्र ते दोन वेगळ्या इमारतींत बसतात.

अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत 'विश्राम' नावाचा मानसिक आरोग्याचा प्रकल्प झाला होता. त्याचे निष्कर्ष 2017 साली 'लॅन्सेट सायकियाट्री'त आले. नैराश्य असलेल्या शंभरातले जेमतेम 4 जण आधी मदतीपर्यंत पोचत, नंतर 27. काम करणारी बरीचशी माणसं गावपातळीवरचीच. मला ते पटतं. ओळखीचं माणूस ओट्यावर टेकलं की गोष्ट कपाशीच्या भावावरून निघून कुठंही जाऊ शकते.

मानसोपचारतज्ज्ञाचं नाव काढलं तेव्हा मामा भडकले, "मले पागल समजता का?" दोन महिने गेले. मग डायलिसिसला शेजारच्या पलंगावर येणाऱ्या मूर्तिजापूरच्या एका गुरुजींनी सांगितलं की तेही जातात. आमचं नाही ऐकलं, त्यांचं ऐकलं.

आता गोळ्यांच्या डब्यात एक गोळी वाढली आहे. ती बीपीची आहे, असं मामी शेजारणीला सांगते.