वरवंट्याखालची दुपार

दुपारी चारला लागते ती भूक जेवणाची नसते. तिला पोटभर काही दिलं तर ती रुसते. तिला थोडंसंच पण चटकदार हवं असतं. परवा या भुकेपायी मी २० रुपयांचा वेफर्सचा पुडा फोडला. निम्मी हवा निघाली, उरलेलं मीठ. मुकाट्यानं उठलो आणि नारळ फोडायला घेतला.

दडपे पोहे करायचे तर पोहे पातळच लागतात, आणि ते भिजवायचे नाहीत. कांदा बारीक चिरायचा, ओलं खोबरं सढळ हातानं घालायचं, लिंबू पिळायचं, मीठ, चिमूटभर साखर, कोथिंबीर. नारळ फोडताना वाटीत धरलेलं पाणी असतंच, त्याचा एक हबका. मीठ-साखरेनं कांद्याला पाणी सुटतं आणि तेवढ्या ओलाव्यावर पोहे आपसूक मऊ होतात. मात्र त्यासाठी त्यांना दडपून ठेवावं लागतं. पातेल्यात हलक्या हातानं दाबायचे, वर ताटली, ताटलीवर वजन.

आमच्याकडे वजन म्हणजे वरवंटा. पाटा जुन्या भाड्याच्या घरातच राहिला, वरवंटा तेवढा आईनं पिशवीत घालून आणला. मिक्सर आल्यापासून त्यानं काहीही वाटलेलं नाही. फक्त पोहे दडपतो.

आईचे दडपे पोहे महिनाअखेरचे. बाबांचा पगार व्हायच्या आधीचे चार-सहा दिवस डबे तळाला गेलेले असत, आणि नेमकं तेव्हाच ती शेंगदाणे निवडायला बसायची. तेही घुंगरू, जाडे दाणे तिला चालायचे नाहीत. मी एकदा म्हटलं, “आई, चार खराब दाणे गेले तर काय बिघडतं?” तिनं एक खवट दाणा माझ्या तोंडात टाकला. पुढं अर्धा तास जिभेवर दुसरी चव आली नाही.

तेव्हा कळलं नव्हतं, आता कळतं. काजूच्या रश्शात एखादी वस्तू सुमार असली तरी खपून जाते. मसाले सांभाळून घेतात. पोह्यांत लपायला जागाच नाही. नारळ जुना असला की कळतो, हिंग बेताचा असला की कळतो. मोजक्या साध्या वस्तूंचा पदार्थ, त्यामुळं प्रत्येकीला खणखणीत असावंच लागतं. म्हणून घासाघीस करायची ती सोफ्याच्या किमतीवर करावी, हिंगाच्या डबीवर करू नये. आजही चौघांचे दडपे पोहे थोडक्या पैशांत होतात, आणि त्यातले बरेचसे नारळाचे असतात.

दाणे भाजणं ही धीराची परीक्षा. लोखंडी कढई, मंद आच, हात सतत फिरता. आधी नुसता खळखळाट, मग एखादं साल फुटल्याचा ‘टच्’ आवाज, मग तो वाढत जातो. मन म्हणतं अजून थोडे. तिथंच गॅस बंद करायचा, कारण तापलेली कढई पुढचं काम स्वतः करते. मी एकदा फोन घ्यायला गेलो आणि परत आलो तेव्हा दाणे बाहेरून गव्हाळ, आतून काळे. ते झाडाच्या कुंडीत गेले. नीट भाजलेले दाणे कोमट झाले की तळहातांत चोळायचे आणि सुपात पाखडायचे. सूप नसेल तर गॅलरीत उभं राहून फुंकायचं. शेजारच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांकडे तेवढं बघून.

शेवटी मोहरी, हिंग, हळद, हिरव्या मिरचीची चरचरीत फोडणी, तिच्यातच भाजलेले दाणे. वाढताना वर तळलेला पोह्याचा पापड चुरायचा. पेणचा मिळाला तर उत्तम. काही जण यात लसूण घालतात. मी त्यांच्याशी वाद घालत नाही, फक्त त्यांच्याकडे पोहे खायला दुसऱ्यांदा जात नाही.

परवा पोहे वरवंट्याखाली गेले आणि खोबऱ्या-लिंबाचा वास घरभर झाला. मुलगी खोलीतून बाहेर आली, ताटलीची कड उचलून तिनं आत डोकावलं.

“बाबा, झाले?”

“वीस मिनिटं तरी थांब. झाकण ठेव.”

तिनं झाकण ठेवलं, वरवंटा नीट मधोमध सरकवला आणि शहाण्यासारखी ओट्याला टेकून उभी राहिली. मी फोडणीसाठी मिरच्या चिरल्या, कढल्यात तेल ओतलं. दाण्यांसाठी हात मागं केला, तर वाटी अर्धी झाली होती.