पगार विचारू नका, वर्षाचा हिशेब विचारा

माझा भाचा गोव्यात स्कूबाचा डाइव्हमास्टर आहे, म्हणजे प्रशिक्षकाच्या हाताखालचा माणूस. त्याच्यासाठी मुली बघतोय. मुलीकडचे पहिलं विचारतात, ‘पगार किती?’ मी सांगते, वर्षाचा हिशेब विचारा.

हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात समुद्र खवळला की ग्रँड आयलंडकडच्या बोटी बंद, आणि त्याची कमाईही बंद. हंगामातही सर्दी झाली तर कानांवरचा दाब सोसत नाही, पाण्यात उतरता येत नाही. रोजावर काम असेल तर त्या दिवसाचे पैसे बुडाले. पर्यटकांच्या बक्षिसीचा भरवसा नसतो. शिवाय ‘पाडी’सारख्या संस्थेची वार्षिक फी, विमा, स्वतःचं सामान, सगळं पदरचं.

‘पाडी’चा डाइव्हमास्टर व्हायला किमान 60 डाइव्ह नोंदलेल्या लागतात, प्रशिक्षकाच्या परीक्षेला 100. मिळकत वाढवायची तर तीच पुढची पायरी.

तुमच्या घरातलं कुणी या वाटेला जाणार असेल, तर आठ महिन्यांच्या मिळकतीत बारा महिने कसे भागवायचे ते आधी ठरवा. आमचा भाचा पावसाळ्यासाठी दर महिन्याला पैसे बाजूला टाकतो. मुलीच्या आईला मी हेच आधी सांगते.