साठ पत्त्यांची मर्यादा

सेलूच्या आमच्या कापड दुकानात चिरंजीव मित्रासह पोकेमॉनचे पत्ते मांडून बसला होता. पत्ते म्हणताच मातोश्रींना द्यूत आठवले. "आजी, यात पैसे लावत नाहीत," त्याने समजावले.

डेक म्हणजे खेळासाठी निवडलेला संच. तो नेमका 60 पत्त्यांचा. मूळ एनर्जीचे पत्ते सोडले, तर एका नावाचे चारच घेता येतात. चिरंजीवाने सारे बलाढ्य पत्ते भरले होते. एनर्जी जोडल्याविना ते हल्ला करू शकत नाहीत. म्हणून ते मांडूनही नुसतेच पडून राहत आणि तो हरे. अखेर त्याने जड मनाने सहा आवडते पत्ते काढून एनर्जी वाढवली. पुढचा डाव त्याने जिंकला.

माझी नजर फळ्यांवर गेली. भारी शालूंत भांडवल अडकले होते, व्यापाऱ्यांची देणी थकली होती. त्या रात्री मी दिवाळीच्या खरेदीची यादी निम्मी केली. परिग्रह-परिमाण व्रताविषयी दरवर्षी पर्युषणात ऐकतो. पण कोणती आवडती वस्तू सोडायची, हे ठरवताना किती जड जाते, ते यादीवर काट मारतानाच कळले.

देणी अजून फिटावयाची आहेत. गल्ल्यात मात्र आता थोडी एनर्जी शिल्लक राहते.