धाकट्या देवाची थोरली यात्रा

नाशिककराला जत्रेचं निमित्तच हवं असतं. बारा वर्षांनी कुंभमेळा, पौषात त्र्यंबकला निवृत्तिनाथ. तेवढ्यानं भागेना म्हणून फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा! या बाळाचं आजोळ प्रागला. तिथली मूळ मूर्ती १६२८ साली एका सरदारघराण्यातल्या बाईनं कार्मेलाइट साधूंना दिली. १७४३ साली राणी मारिया थेरेसानं तिला अंगरखा केला. अंगड्या-टोपड्यांची हौस काही आपल्याच आयाबायांना नाही!

आमच्या शेजारच्या काकूंच्या लेकीची कूस दोनदा रिती झालेली. त्या इथं नवस बोलल्या. ‘पंचवटीत देव कमी पडले का हो?’ मी विचारलं.

‘देव लहान आहे, लेकराचं लवकर ऐकेल. शिवाय रांगेत कुणी जात विचारत नाही.’

याच गावात १९३० साली काळारामाच्या दाराशी माणसं अडवली गेली होती. मी गप्प बसलो.

मेणबत्ती लावून काकूंनी सवयीनं स्वतःभोवतीच प्रदक्षिणा घातली. ते पाहून मागचं एक अनोळखी कुटुंबही गरगर फिरलं. त्यामागचं दुसरंही. युरोपातल्या जुन्या मिरवणुका तरी याहून वेगळ्या कशा सुरू झाल्या असतील?