सहा फेब्रुवारीचा ग्लोरिया

मी मूळचा वसईतल्या गासचा. नोकरीने ग्वाल्हेरला आणलं आणि मुरारच्या चर्चमध्ये हिंदी मिस्साच्या गाण्यांची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. आमच्या क्वायरमध्ये झारखंडची मुलं, केरळच्या सिस्टर, छावणीतली दोन-तीन कुटुंबं. गळे सगळ्यांचे मोकळे, त्यामुळे सण आला की सगळंच गायचा आग्रह होतो. पण ग्लोरिया, म्हणजे देवाच्या गौरवाचं गीत, आणि क्रेदो, म्हणजे श्रद्धेची कबुली, कधी गायचे, हे त्या दिवसाच्या मानावर ठरतं.

महासणाला दोन्ही. सणाला फक्त ग्लोरिया. स्मरणदिनाला दोन्ही नाहीत. रविवारी दोन्ही असतात, आगमनकाळ आणि उपवासकाळातल्या रविवारी मात्र ग्लोरिया थांबतो. म्हणजे २९ जूनला, पेत्र आणि पौलाच्या महासणाला दोन्ही गायचे. २५ जानेवारीला, पौलाच्या परिवर्तनाच्या सणाला, ग्लोरिया झाला तरी क्रेदो नाही. ग्वाल्हेरच्या मुलांना हे पटवायला वेळ लागत नाही. १९१८ पासून माधव संगीत महाविद्यालय चालवणाऱ्या या गावात सकाळचा राग कुणी रात्री गात नाही.

मला सगळ्यांत जवळचा दिवस २५ मार्चचा, देवदूताने मरियेला निरोप दिला तो. बहुतेक वर्षी तो उपवासकाळातच येतो. वेदीवर फुलं नसतात, हार्मोनियम गाण्याला आधारापुरती, आणि अचानक फादर पांढरी वस्त्रं घालून येतात. ग्लोरिया परततो. आलेलुया मात्र नाही, ते पुनरुत्थानाच्या रात्रीसाठी राखलेलं. क्रेदोत देवपुत्र मानव झाल्याचे शब्द येतात, तेव्हा एरवी आपण वाकून नमन करतो. या दिवशी आणि नाताळला गुडघे टेकायचे. इथे घाई झालेली मला सहन होत नाही. मागच्या बाकांवरच्या म्हाताऱ्या बायका कठडा धरून एकेक गुडघा खाली नेतात, तोवर हार्मोनियमवाल्याने सूर नुसता धरून ठेवायचा, त्या उठून उभ्या राहिल्या की पुढची ओळ घ्यायची. २०२४ साली ही तारीख पवित्र आठवड्यातल्या सोमवारी आली, म्हणून महासण ८ एप्रिलला गेला. त्या वर्षी आलेलुयाही गाता आलं.

६ फेब्रुवारी, संत गोन्सालो गार्सिया यांचा दिवस, माझ्यासाठी अवघड असतो. ते वसईत जन्मले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रुसावर मारले गेले. १८६२ साली त्यांना संतपद मिळालं. आमच्या गासचं चर्च त्यांच्याच नावाचं. ज्या संताच्या नावाचं चर्च, त्याचा दिवस तिथे महासण. म्हणून गासला त्या दिवशी ग्लोरियाही आणि क्रेदोही, तेही मराठीत. मुरारला तो स्मरणदिन. सकाळच्या मिस्साला सिस्टर आणि थोडे लोक. प्रार्थना थेट पुढे सरकते.

क्वायरमधला एक मुलगा म्हणाला, “अंकल, आपके गाँव के संत हैं, गा लेते हैं ना.” मी नको म्हटलं. गासचा मान गासला राहू दे. इथे तो उसना आणला तर दोन्हीकडचा दिवस फिका पडेल. प्रवेशगीत मात्र आपल्या हातात असतं. त्या दिवशी मी रक्तसाक्षींचं गीत घेतो, आणि सुरुवातीला त्यांचं नाव फादरांनी सावकाश घ्यावं एवढी विनंती आदल्या संध्याकाळी करून ठेवतो.