आमची खाला आणि सिमी

२०१८ साली श्रीराम राघवन यांचा ‘अंधाधुन’ आला तेव्हा आम्ही तिघं भावंडं जुन्नरहून पुण्याला जाऊन तो पाहून आलो. गोष्टही पुण्यातच घडणारी. तब्बूने त्यात सिमी उभी केली आहे. नवऱ्याचा मुडदा पडलेला असताना ही बाई शांत असते, शेजारच्या म्हातारीला इमारतीवरून ढकलते, आंधळ्याचं सोंग घेतलेल्या पियानोवाल्याला खरोखर आंधळं करते, आणि डोळ्यांतलं पाणीसुद्धा हिशेबाने काढते. आम्हाला चित्रपट फार आवडला. परतताना नारायणगावजवळ मोठी आपा एवढंच म्हणाली, “आपण खालालाही अशीच केली होती.” त्यानंतर घर येईपर्यंत कुणी बोललं नाही.

खाला म्हणजे नात्याची नव्हे, गल्लीतली. तिचा नवरा एका रात्री जेवून झोपला तो उठलाच नाही. दुधातून काही दिलं असेल, अशी कुजबूज मोठ्या माणसांनी सुरू केली. आम्ही तेव्हा बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा भाड्याने आणून वाचत होतो. त्यांनी हजारावर पुस्तकं लिहिली. आमच्या हाती त्यातली पंचवीस-तीस आली असतील, पण झुंजार आणि काळापहाड डोक्यात बसायला तेवढी पुरली. गल्लीत खून झालाय आणि शोधायला आम्हीच, असं आम्ही ठरवून टाकलं.

दोनशे पानी वही घातली. खाला मयतीला रडली नाही, हे लिहिलं. शिलाईचं मशीन विकलं, हे लिहिलं. मंचरचा एक माणूस दोनदा येऊन गेला, त्याखाली तर लाल रेघ ओढली. तो तिचा सख्खा भाऊ होता, आणि इद्दतीत बसलेल्या बहिणीसाठी बाजरी घेऊन येत होता, हे विचारायचं आम्हाला सुचलंच नाही. वही शाळेत फिरली. शाळेतून घरोघर गेली. चार महिने दहा दिवस पुरे झाल्यावर खालाने भांडी बांधली आणि ती मंचरला माहेरी गेली ती कायमची. नवरा हृदयविकाराने गेला, असं डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद तिच्या घरात पहिल्या दिवसापासून होता. तो तिने कुणाला दाखवला नाही. कुणी मागितलाही नव्हता म्हणा.

सिमीचे गुन्हे आम्ही पडद्यावर डोळ्यांनी पाहिले होते. खालाचा कुणीच पाहिला नव्हता.

पुढच्या ईदला आम्ही तिघं शीरखुर्म्याचा डबा घेऊन एस.टी.ने मंचरला गेलो. खालाने ओळखलं, जवळ बसवलं, अम्मीची खुशाली विचारली. डबा तिने आतल्या खोलीत नेऊन ठेवला, उघडला नाही. माफीचा शब्द आमच्या ओठांशी येऊन अडत होता. चहा झाला. निघताना उंबऱ्याशी तिने आपाचा हात धरला.

“बेटा, वो वही अब्बी है क्या तुमारे पास?”

आपा म्हणाली, “है, खाला.”

“एक दफा लाव. मेरे को पढना है.”

ती वही आता आमच्यासमोर आहे. लाल रेघ अजून फिकी झालेली नाही.