तेरेखोलच्या अलीकडचे पदवीधर

ईदच्या दुसऱ्या दिवशी, रात्रीच्या जेवणानंतर, आम्ही चौघं भावंडं आरोंद्याच्या घराच्या पडवीत बसलो होतो. असं एकत्र बसायला कित्येक वर्षांनी मिळालं होतं. बारावीची परीक्षा देऊन बसलेला थोरल्याचा मुलगा पायरीवर मोबाइल घेऊन बसला होता. मध्येच मान वर करून त्याने विचारलं, ''तुमी चौघांनी शिकान काय केलास?''

पोरगा उद्धट नाही. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. त्याच्या बरोबरीचे दोघे खाडीपलीकडे गोव्यात हॉटेलात लागलेत, एक मोपाच्या विमानतळावर आहे. 2023 च्या जानेवारीपासून तिथून विमानं उडू लागली आणि पेडणे तालुक्याचंच नव्हे, आमच्या बाजूच्या पोरांचंही डोकं फिरलं. बारावीवर काम मिळतं, महिन्याच्या महिन्याला पगार हातात पडतो. मग तीन वर्षं सावंतवाडीच्या एस.टी.त घालवायची कशासाठी? त्या रात्री आम्हांला उत्तर देता आलं नाही. म्हणून हे लिहितो आहोत.

आमच्या घरात आमच्याआधी कुणी मॅट्रिकच्या पुढे गेलं नव्हतं. अब्बांचा हट्ट होता, की जे खाईन ते खाईन, पण पोरं कॉलेजात जातील. पोरं म्हणजे पोरीही. यावरून नातेवाइकांत बरीच कुजबुज झाली, ती इथे सांगत नाही. सावंतवाडीचं श्री पंचम खेमराज महाविद्यालय 1961 सालचं. आम्ही चौघंही तिथलेच विद्यार्थी. मळेवाडमार्गे जाणारी सकाळची एस.टी., डब्यात भाकरी आणि सुक्या बांगड्याचं किसमूर, आणि परतीची गाडी चुकली की तिठ्यावर तासन्‌तास उभं राहणं. आमचं उच्च शिक्षण ते एवढंच.

आमच्या पदव्यांवर मात्र नाव आहे मुंबई विद्यापीठाचं. थोरल्याच्या 1995 च्या पदवीवर 'बॉम्बे' आहे, बाकी तिघांच्या पदव्यांवर 'मुंबई', कारण 1996 मध्ये विद्यापीठाचं नाव बदललं. हे विद्यापीठ आमच्या घरापासून पाचशे किलोमीटरवर. आमच्यापैकी तिघांनी ते अजून पाहिलेलं नाही. 1985 साली स्थापन झालेलं गोवा विद्यापीठ तेवढं आमच्या दारात. पण दारात नदी आहे, आणि नदीत राज्याची हद्द.

ही हद्द आम्हांला पदवी हातात पडल्यावर कळली. तोपर्यंत किरणपाणी म्हणजे पलीकडचा काठ, एवढंच ठाऊक होतं. पूल होण्याआधी तरीत बसून लग्नांना जायचो, आजारपणात बांबोळीच्या इस्पितळात जायचो. पलीकडची बोली आणि आमची बोली यांत बोट घालायला फट नाही. पण आमच्यातला तिसरा बी.एस्सी. होऊन गोव्यात सरकारी नोकरी शोधू लागला, तेव्हा पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला आणि कोंकणीचं ज्ञान या दोन गोष्टी पुढे आल्या. घरात जे बोलतो ते पलीकडे कोंकणी आणि अलीकडे मराठीची बोली. आमच्या दाखल्यावर मातृभाषा मराठी. शेवटी तो खाजगी औषध कारखान्यात कंत्राटावर लागला. गेली सोळा वर्षं तो कंत्राटावरच आहे.

थोरल्याची गोष्ट छोटी. बी.कॉम. होऊन तो 1996 मध्ये कुवेतला गेला. त्या काळी पदवीधराला परदेशी कामावर जाताना पासपोर्टावर इमिग्रेशनच्या तपासणीतून सूट मिळायची. तो म्हणतो, ''माझी पदवी त्या शिक्क्यासाठी वापरली गेली. तिकडे जाऊन गोदामात खोकी मोजली.'' बावीस वर्षं. पायरीवर बसून प्रश्न विचारणारा पोरगा त्याने दोन वर्षांतून एकदा पाहिला.

सगळ्यांत मन लावून शिकली ती आमच्यातली दुसरी. शाळेत असताना गुरुजींनी सांगितलं होतं, की वि. स. खांडेकर 1920 ते 1938 शिरोड्याच्या शाळेत शिकवायचे. शिरोडा आमच्या बाजाराचा गाव. एवढा मोठा लेखक मासळी घ्यायला आपल्याच बाजारात यायचा, या कल्पनेने ती इतकी हरखली की थेट मराठीत एम.ए. झाली. अभ्यासात 'योगसंग्राम' लिहिणारे शेख महंमद भेटले, तेव्हा तर तिला आपल्याच घरातलं कुणी सापडल्यासारखं झालं.

मग मुलाखती सुरू झाल्या. ''तुम्ही उर्दू नाही घेतलं?'' हा पहिला प्रश्न. ''किती छान मराठी बोलता हो!'' ही पहिली शाबासकी. आमच्या आईला आम्ही आईच म्हणतो. उर्दू आम्हांला कव्वालीपुरती आणि सिनेमापुरती येते. नमाजाची अरबी पाठ आहे, अर्थ मराठीतून कळला. पण हे दर ठिकाणी पहिल्यापासून सांगावं लागतं. बरं, दुसरीकडे काही वेगळं नाही. मुंबईला एका लग्नात आम्ही आपसांत बोलत होतो, तर एक बाई कौतुकाने म्हणाली, ''आप लोग मुसलमान लगते ही नहीं.'' तिसऱ्याला पणजीजवळ खोली शोधताना फोनवर लगेच होकार आला, कारण आमचं आडनाव 'कर'वर संपतं. कागदावर पूर्ण नाव लिहिलं, तेव्हा मालकाला घरातल्यांना विचारायचं आठवलं. गावात मात्र आम्ही कोण, हे कधी कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. शिकलो, बाहेर पडलो, तेव्हा सांगणं सुरू झालं.

धाकटी 2006 मध्ये बी.ए. झाली. त्याच वर्षी न्या. सच्चर समितीचा अहवाल आला. मुसलमानांत पदवीधर किंवा पदविकाधारक चार टक्क्यांहूनही कमी, हे अब्बांनी पेपरात वाचलं आणि चष्मा काढून म्हणाले, ''आमच्या घरात शंभर टक्के.'' त्यांना इतकं खूश आम्ही फार थोड्या वेळा पाहिलं. पुढे 2014 मध्ये राज्यात मुस्लिमांसाठी पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला. उच्च न्यायालयाने शिक्षणातल्या जागांपुरती त्याला स्थगिती दिली नाही, तरी त्याचा कायदा झालाच नाही. अब्बा तोवर राहिले नव्हते. धाकटीची पदवी सासरच्या कपाटात आहे. पण रेशनकार्डापासून सातबाऱ्यापर्यंत सगळ्या वाडीचे अर्ज तीच लिहिते, आणि पैसे घेत नाही. हे करिअर नव्हे, असं तीच हसत म्हणते.

त्या रात्री पोराच्या प्रश्नावर पहिल्यांदा दुसरीच बोलली. चौदा वर्षं ती तासिका तत्त्वावर शिकवते आहे. तासाचे पैसे मिळतात, सुट्टीचे मिळत नाहीत, दर जूनमध्ये पुन्हा मुलाखत. ती म्हणाली, ''शीक. पण मराठी घेव नको.''

आम्ही तिच्याकडे बघत राहिलो. थोरला चिडला. ''तूच असं बोलायला लागलीस तर?'' तिसरा म्हणाला, ती खरं तेच सांगते आहे. मग बराच वेळ भांडण झालं. पैशाचं, गोव्याचं, अब्बांचं, कुणी घरासाठी किती केलं याचं, सगळं निघालं. आई आतून ओरडली, ''शेजारी ऐकतत!'' पोरगा कधी उठून गेला ते कळलंही नाही.

सकाळी आम्ही पाहिलं तर दुसरी आपल्या जुन्या वह्या पेटीतून काढून उन्हात घालत होती. वाळवी लागली असावी, असं म्हणाली. शेख महंमदांवरचं टिपण तेवढं शाबूत होतं. पोरगा तिथे बसून ते चाळत होता, पण त्यावर काही बोलला नाही. आम्हीही विचारलं नाही.

परवा त्याचा फोन आला. मोपाला एक मुलाखत देऊन आलाय, सावंतवाडीचा प्रवेशअर्जही आणलाय. नाव, पत्ता, मातृभाषा भरून झालीय. मुख्य विषयाचा रकाना अजून कोरा आहे. शेवटची तारीख शुक्रवारची.